ब्रिज अजून ऐकतोय

"हो," तो म्हणाला.

शेजारी उभ्या असलेल्या, काखेत चटईची गुंडाळी धरलेल्या गृहस्थांनी दचकून त्याच्याकडे पाहिलं. "काय म्हणालात?"

"नाही, तुम्हाला नाही."

गृहस्थांनी आजूबाजूला नजर फिरवली. बसथांब्यावर त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी चटई दुसऱ्या काखेत घेतली आणि काही न बोलता दोन पावलं लांब सरकले. त्यांचंही बरोबरच होतं. भल्या सकाळी, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, केस बऱ्यापैकी पिकलेला माणूस रिकाम्या रस्त्याकडे बघून इतक्या मनापासून 'हो' म्हणाला, तर कोणीही दोन पावलं सरकेल. आणि ते 'हो' आलं होतंही छान. घोगरं नाही, अडखळलेलं नाही, चांगलं भरघोस. फक्त ते जिथे पोचायला हवं होतं ती जागा दोन गल्ल्या मागे राहिली होती, आणि जिला ऐकू जायला हवं होतं ती बाई एव्हाना दवाखान्याच्या चादरींचे गठ्ठे सोडत असणार.

बाईंची लाँड्री होती. हॉटेलांचे टॉवेल, दवाखान्यांच्या चादरी, कधीमधी एखाद्या शाळेचे पडदे. पंधरा मिनिटांपूर्वी, त्याच लाँड्रीतल्या काचेच्या केबिनमध्ये, चहाचा कप हातात धरून त्या म्हणाल्या होत्या, "मी एक विचारते. आपण दोघांनी लग्न करावं असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?" टॉवेल नरम हवेत की कडक, हे गिऱ्हाइकाला विचारावं तितक्या सरळ आवाजात. त्याने तोंड उघडलं. आतून काहीतरी लख्ख वर आलं. म्हणजे उत्तर होतं. उत्तराबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती, उत्तर तर गेले कित्येक महिने आत तयार होऊन बसलं होतं. पण त्याच्या आतून जिभेपर्यंत यायला जी वाट होती, तिच्यावर जन्मापासून कोणीतरी पहारेकरी बसलेला होता, आणि तो कोणालाही बघितल्याबरोबर सोडत नसे. बाईंनी वाट पाहिली. काचेपलीकडे कोणीतरी बादली सरकवली. बाईंनी कप खाली ठेवला, पदराने उगाच टेबलाची कड पुसली आणि म्हणाल्या, "असू दे. तुम्हाला उशीर होत असेल." आणि यावर तो काय बोलला? "बरं." चटकन. त्या पहारेकऱ्याने तेवढा एकच शब्द न तपासता सोडला. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्याने स्वतःला त्याबद्दल मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. त्या मात्र लगेच सुचल्या.

शाळेत हजेरी घेताना मास्तर नाव पुकारायचे आणि तो बाकावर बसलेला असूनही गैरहजर लागायचा. मुद्दाम नव्हे. आपलं नाव ऐकून, ते खरंच आपलं आहे याची खात्री पटून, उभं राहून 'हजर' म्हणेपर्यंत मास्तर पुढच्या तिसऱ्या मुलापर्यंत पोचलेले असायचे. मग घरी निरोप गेला की मुलगा शाळेला दांड्या मारतो. वडील शाळेत आले, वर्गाच्या दारात उभे राहिले, मुलाकडे बोट दाखवून मास्तरांना म्हणाले, "हा काय इथे बसलाय." मास्तर म्हणाले, "मग बोलत का नाही?" आणि त्याच क्षणी तो म्हणाला, "हजर." सगळा वर्ग खो खो हसला. त्याची ताई, त्याच्याहून दोन इयत्ता पुढे, नंतर कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगायची, "थांबा हं, तो सांगेल. त्याच्यात जरा लांबून येतं." पाहुणे थांबायचे, चिवडायला काही असेल तर चिवडायचे आणि मग तो सांगायचा, आणि जे सांगायचा ते नेहमी बरोबर असायचं. पण बरोबर उत्तराची मजा ते वेळेवर येण्यात असते हे त्याला कळायला फार उशीर लागला. तेही उशिराच.

असल्या माणसाने बोलण्याचा धंदा करू नये एवढी अक्कल त्याला होती, म्हणून तो यंत्रांकडे गेला. एका लहानशा कंपनीत तो कर्नलचं काम करायचा. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पार पोटात जो गाभा असतो, जो कोणाला दिसत नाही आणि बिघडल्याशिवाय कोणाला आठवत नाही, तो कर्नल. कंपनी छोटे करडे डबे बनवायची. कारखान्यात, लाँड्रीत, बेकरीत तो डबा भिंतीवर बसायचा आणि एका बाजूची मशीनं व दुसऱ्या बाजूचा ऑफिसातला संगणक यांना जोडून द्यायचा. कर्नलच्या आत हे जोडण्याचं काम करणाऱ्या भागाला ब्रिज म्हणतात. दोन्हीकडच्यांना वाटावं की आपण एकाच तारेवर आहोत, मधे कोणी नाहीच. त्याला ब्रिज मनापासून आवडायचा. सगळं ऐकायचं, कोण कोणत्या बाजूला राहतं ते ध्यानात ठेवायचं, ज्याचं त्याला पोचवायचं, आणि स्वतःचं असं काहीच बोलायचं नाही. कंपनीत त्याला सगळे मुनी म्हणत. ते नाव कोणी ठेवलं ते त्याला माहीत होतं, पण तो म्हणाला काहीच नाही, म्हणून तर ते टिकलं.

बाईंची आणि त्याची ओळखही ब्रिजनेच करून दिली. गेल्या हिवाळ्यात लाँड्रीतली सगळी मशीनं एकदम ठप्प झाली आणि त्याला धाडलं. गेला तर डब्यातून निघालेली एक मोकळी केबल कोणीतरी मशीनांच्या बाजूच्या स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनांच्या तारा जिथे एकत्र येतात त्या खोक्यात, खुपसून ठेवलेली. डब्याला आणि स्विचला जोडणारी एक केबल आधी होतीच, ही दुसरी झाली. मग काय, आत गेलेला प्रत्येक निरोप एकीकडून जाऊन दुसरीकडून परत येत होता आणि पुन्हा जात होता, घाण्याच्या बैलासारखा. त्या फिरत्या गर्दीत कोणाचंच कोणाला ऐकू येईना. त्याने केबल उपसली, मशीनं जागी झाली. "कोणी लावली ही?" त्याने विचारलं. "मी," बाई म्हणाल्या. "लोंबकळत होती. बरं दिसत नव्हतं." त्याने मान डोलावली, पिशवीत हत्यारं भरली, दारापर्यंत गेला आणि तिथे त्याला हसू फुटलं. असं फुटलं की चौकट धरावी लागली. बाई एव्हाना पाठ फिरवून टॉवेलांकडे वळल्या होत्या. त्या गर्रकन वळल्या. "आत्ता हसलात?" त्या म्हणाल्या, आणि मग त्याही हसायला लागल्या. त्याचं हसणं उशिरा येतं हे इतक्या लवकर ओळखणारं माणूस त्याला ताईनंतर कोणी भेटलं नव्हतं.

त्याच दिवशी त्याने बाईंच्या डब्यात फेऱ्याविरुद्धचा पहारा चालू करून ठेवला. म्हणजे पुन्हा कोणाला लोंबकळती केबल बरी दिसली नाही, तरी कर्नल आपण होऊन एक वाट बंद करील आणि मशीनं ठप्प होणार नाहीत. आणि त्यानंतर ते दुखणं सुरू झालं, ज्याने कंपनीतल्या सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. सकाळी लाँड्री चालू केली की काही मशीनं जागी व्हायची, दिवे लावायची, पाणीसुद्धा भरायची, पण बहिरी. ऑफिसातल्या संगणकाने सांगितलेलं त्यांच्या कानावर जायचंच नाही. उठल्याबरोबर मशीनला त्या संगणकाकडून स्वतःचा पत्ता मागून घ्यावा लागतो. तो मिळालाच नाही, तर ते कोणाचंच नसल्यासारखं बसून राहतं. मग एकेक बंद करा, चालू करा, हाताने बटणं दाबा. बाई फोन करायच्या, तो दुसऱ्या दिवशी सकाळी जायचा, आणि तो गेला की सगळी मशीनं शहाण्या मुलांसारखी वागायची. एकदाही नाही, कधीच नाही, त्याच्यासमोर एकही मशीन बहिरं झालं नाही. "तुम्ही आलात की ती लाजतात," बाई म्हणायच्या. मग चहा व्हायचा. म्हणजे खरं तर चहा आधी व्हायचा. इकडे कंपनीत त्याच्या पाठीमागे खसखस पिकायला लागली होती की मुनींचा दोष लाँड्रीत नसून अन्यत्र आहे.

बसमधून उतरताना त्याला आठवलं ते फार वाईट होतं. बाईंच्या हाताखालच्या एका पोरीने मागे डागाबद्दल काहीतरी विचारलं होतं, आणि बाई म्हणाल्या होत्या, "मी दोनदा धूत नाही आणि दोनदा विचारत नाही. दोनदा धुवावं लागलं म्हणजे पहिल्यांदा मनापासून धुतलं नव्हतं." तेव्हा त्याला हे वाक्य इतकं आवडलं होतं की घरी जाऊन ताईला फोनवर ऐकवलं होतं. आता तेच वाक्य बसच्या पायरीवर त्याच्या पोटरीला चावलं.

कंपनीत आपल्या कोपऱ्यातल्या टेबलावर त्याने कामाला लागायचं ठरवलं. बाईंकडचंच एक सुटं कंट्रोलर, म्हणजे मशीनचं डोकं, त्याने मागवून ठेवलं होतं. ते, एक करडा डबा, एक स्विच, पत्ते वाटणारा एक जुना संगणक, सगळी लाँड्री टेबलावर मांडलेली, फक्त पाणी तेवढं नव्हतं. त्याने डबा चालू केला. चष्मा काढला, पुसला, घातला. खुर्ची पुढे ओढली. मग कंट्रोलर चालू केलं. कंट्रोलरने पत्ता मागितला, त्याला पत्ता मिळाला, हिरवा दिवा लागला. गेले कित्येक आठवडे हेच. पुन्हा बंद, पुन्हा चालू, चष्मा, खुर्ची, हिरवा दिवा. त्या हिरव्या दिव्याचा त्याला मनस्वी राग यायला लागला होता. पहारा चालू असला की ब्रिज नवी तार लागल्यावर लगेच काही पोचवत नाही, आधी नुसतं ऐकतो, मग कोण कुठे आहे ते शिकतो, आणि मगच दार उघडतो, अर्धं मिनिट जातं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच! पहिल्याच दिवशी त्याने तो संशय घेतला होता. पण मशीन बनवणाऱ्यांनी छातीठोक सांगितलं होतं की आमचं मशीन उत्तर मिळेपर्यंत विचारत राहतं, अर्ध्या मिनिटाची काय कथा. आणि हा दिवा तर रोज त्यांच्या बाजूने साक्ष देत होता. म्हणून त्याने तो संशय सोडून दिला होता आणि कर्नलचा बाकी सगळा माळा उपसून काढला होता. कोणता निरोप आत सोडायचा याचे नियम पाहिले, पत्त्यांची गल्लत पाहिली, केबलीसुद्धा बदलल्या. पण आज त्याचं लक्ष नव्हतं. समोरच्या पडद्यावर अक्षरं सरकत होती आणि त्यांच्या मागे बाईंचा तो पदर टेबलाची कड पुसत होता, जिथे पुसायला काहीही नव्हतं.

दुपार होता होता ताईचा फोन आला. ती आठवड्यातून एकदा करायची, आणि तो गप्प राहिला तर गप्प राहून ऐकायची. जगात हे जमणारी ती एकटी.

"काय रे, श्वास जोरात चाललाय. काय झालं?"

त्याने सांगितलं. सांगायला वेळ लागला. ताईने मधे एकदा भांडं घासलं, नळ बंद केला.

"मग तू काय म्हणालास?"

"बरं म्हणालो."

"लग्नाला?"

"नाही, उशीर होत असेल म्हणाल्या, त्याला."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग ताई इतकी हसली की त्याने फोन कानापासून लांब धरला. "अरे माझ्या कर्मा," ती म्हणाली. "त्या बाईला काय वाटलं असेल? नाही म्हणालास असंच ना!"

"मी नाही म्हणालोच नाही. मी काहीच म्हणालो नाही."

"शहाण्या, विचारणाऱ्याला त्यातला फरक कसा कळणार? तिने तुझ्या छातीत कान घालून बघायचं का?" मग तिचा आवाज खाली आला. "हे बघ. सुनेची वाट बघून आईचे डोळे थकले. मला तुझी घाई नाही. पण ती चांगली बाई आहे. तू तिच्याबद्दल बोलतोस तेव्हा सलग तीन-तीन वाक्यं बोलतोस. आज बोल तिच्याशी. फोनवर नको, तुझं फोनवर आणखी लांबून येतं."

फोन ठेवून तो तसाच बसला. विचारणाऱ्याला फरक कसा कळणार. उपमा देणं हा आळशी माणसाचा उद्योग आहे असं त्याचं मत होतं, आणि कामाच्या जागी घरचे विचार आणणं तर त्याहून वाईट. तरी ते वाक्य टेबलावर पडून राहिलं, त्या डब्याच्या शेजारी.

तेवढ्यात वादळ आलं. वादळ म्हणजे त्याच्या टीममधली मुलगी, जिला बसून काम करताना कोणी पाहिलं नव्हतं. ती चालता चालता जेवायची, जिन्यावर फोन करायची, आणि दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत त्याचं उत्तर देऊन मोकळी व्हायची. निम्मी उत्तरं चुकायची, पण वेळेवर. "मुनी, अजून लाँड्रीच?" असं म्हणून तिने आपल्या लॅपटॉपची पिन लावायला जागा शोधली, जागा नाही म्हणून टेबलावरचा सगळा पसारा जिथून वीज घेत होता तो बोर्डच खाली ओढला, आणि सगळी लाँड्री एका क्षणात विझली. "सॉरी सॉरी सॉरी," म्हणत तिने बोर्ड परत खोचला. डबा, स्विच, संगणक, कंट्रोलर, सगळं एकदम चालू झालं. ती तोपर्यंत दाराबाहेर गेली होती.

दिवा लाल होता.

त्याने दिव्याकडे पाहिलं. दिवा लालच होता. त्याने चष्मा काढला नाही, पुसला नाही. असल्या वेळी अंगावर जो बारीक काटा येतो तो त्याच्या मानेवरून खाली उतरला, आणि तो हलला नाही, जणू खिडकीत पाखरू बसलंय. मग अगदी हळूच, बोटांच्या टोकांनी, त्याने ब्रिजच्या दोन्ही बाजूंना कान लावला. म्हणजे आत येणारे आणि बाहेर जाणारे निरोप पडद्यावर उमटतील अशी सोय केली, आणि बोर्डाची पिन ओढून पुन्हा लावली, वादळासारखी, एका झटक्यात. कंट्रोलरने विचारलं, मला पत्ता द्या. प्रश्न ब्रिजच्या अलीकडे स्पष्ट दिसला. पलीकडे काहीच नाही. कंट्रोलरने पुन्हा विचारलं. पलीकडे काहीच नाही. तिसऱ्यांदा विचारलं, आणि मग ते गप्प झालं. ब्रिजला त्याने विचारलं, बाबा, तुझं काय चाललंय? ब्रिजने एका शब्दात कळवलं: ऐकतोय. अर्धं मिनिट सरलं, ब्रिजने दार सताड उघडलं, पण आता त्या दारातून जायला कोणी नव्हतं. पलीकडचा संगणक उत्तर देऊन टाकायला एका पायावर तयार होता, त्याच्यापर्यंत प्रश्नच पोचला नव्हता. आणि अलीकडचं मशीन समजून चुकलं होतं की आपल्याला कोणी नाही. ते नंतर कधीही, दिवसभरातसुद्धा, पुन्हा विचारत नव्हतं. छातीठोक सांगणाऱ्यांनी चक्क थाप मारली होती.

आणि त्याला आजवर हे दिसलं नव्हतं, का? तर चष्मा. डबा चालू करायचा, चष्मा पुसायचा, खुर्ची ओढायची, आणि मग मशीन. त्याच्या चष्म्यात ब्रिजचं ऐकणं आणि शिकणं आरामात उरकत होतं. हा दोष घाई असलेल्यालाच भेटत होता आणि दोष शोधायला कंपनीने मुनी बसवला होता! तो एकटाच हसायला लागला. या वेळी हसू वेळेवर आलं.

ते हसू अर्ध्यात थांबलं. टेबलावर चष्मा होता, पण लाँड्रीत? तिथे तर चष्मा नव्हता, तिथे तो बटणाला हातही लावत नसे. तिथली मशीनं त्याच्यासमोर का लाजत होती? त्याने लाँड्रीचा फोन लावला. बाईंनी उचलला तर काय बोलायचं हे त्याने ठरवलं नव्हतं. पण फोन मामांनी उचलला. मामा म्हणजे लाँड्रीतले इस्त्रीवाले, बाईंचे लांबचे कोणी नव्हेत, सगळ्यांचेच मामा.

"मामा, सकाळी मशीनं कशी चालू करता तुम्ही?"

"कशी म्हणजे? मोठं बटण दाबायचं. सगळं एकदम चालू. मग निम्मी बहिरी, मग मी त्यांच्या मागे पळायचं. या वयात."

"आणि मी येतो त्या दिवशी?"

"त्या दिवशी कुठलं बटण!" मामांनी हातातली इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला. "त्या दिवशी बाई आम्हाला हात लावू देत नाहीत. भिंतीवरच्या डब्याकडची तेवढी वीज चालू करायची, आणि मशीनं बंदच ठेवायची. आवाजात साहेबांना बोलता येत नाही म्हणे. साहेब आधीच कमी बोलतात, म्हणे, त्यात मशीनं घरघरली तर आपल्याला काही कळायचं नाही. म्हणून आधी चहा, मग मशीनं. आम्ही सगळे हात बांधून बसलेले, आणि तिकडे दवाखाने चादरींसाठी ओरडतात. साहेब, तुम्ही एकदाचे दुरुस्त तरी करा, नाही तर बोला तरी लवकर."

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तो त्या लाल दिव्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याने येऊ दिलं. म्हणजे इतके महिने तो एक दोष शोधायला जात होता आणि त्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून एक बाई आपली सबंध लाँड्री बंद ठेवून त्याच्यासमोर बसत होती. त्या शांततेमुळेच दोष दिसत नव्हता. त्याला दिसत नव्हतं ते दुसरंच. ती लाँड्री बंद ठेवून आज सकाळी तिने विचारलं होतं, आणि तो आत नुसता ऐकत बसला होता. त्याला एकदम भीती वाटली. उत्तर घेऊन आता गेलो तर? मशीन एकदा गप्प झालं की त्याला नंतर न मागता पाठवलेलं उत्तर ते घेत नाही, सरळ टाकून देतं. त्याने तशी शेकडो उत्तरं टाकून दिलेली पाहिली होती. त्याने लॅपटॉप पिशवीत कोंबला. जिन्यात वादळ भेटलं, म्हणालं, "कुठे?" आणि तो चालता चालता म्हणाला, "लाँड्रीत." वादळ जागच्या जागी उभं राहिलं. मुनी चालता चालता बोलले होते.

लाँड्रीत दुपारची खेप नुकतीच उरकली होती. गरम कापडाचा वास, फरशीवर साबणाचं पाणी, मामा इस्त्रीशी. बाई केबिनमधून बाहेर आल्या. चेहरा घडी घातलेला. "आज दोनदा?" त्या म्हणाल्या.

"दोष सापडला."

"अस्सं," बाई म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या. पूर्वी कधी त्या अशा बाजूला झाल्या नव्हत्या.

तो डब्यासमोर स्टुलावर बसला. पहारा काढून टाकणं सोपं होतं, पण मग उद्या कोणाला एखादी केबल बरी दिसली नाही की संपलं. म्हणून त्याने पहारा ठेवला आणि ऐकण्याचा वेळ कमी केला, कर्नल जाऊ देईल तितका कमी. एका मर्यादेच्या खाली कर्नल जाऊ देत नाही. दोन सेकंद ऐकणं, दोन सेकंद शिकणं, एवढं केल्याशिवाय दार उघडायचं नाही, ही त्याची अट. तेवढं चालण्यासारखं होतं. मशीन त्याहून जास्त वेळ विचारत राहतं. "मामा," तो म्हणाला, "सगळं बंद करा आणि मोठं बटण दाबा. एकदम." मामांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी मान हलवली. बटण पडलं. रांगेतली सगळी मशीनं एकदम गुरगुरली, दिवे लुकलुकले, आणि मग एकापाठोपाठ एक हिरवे होत गेले, पार टोकापर्यंत. एकही बहिरं नाही. मामांनी टाळी वाजवली. जीव भांड्यात पडला.

"झालं तर," बाई हिरव्या दिव्यांकडे बघत म्हणाल्या. "म्हणजे आता तुम्हाला यायचं कारण उरलं नाही."

हे वाक्य सकाळपासून कुठेतरी उभंच होतं. त्याने तोंड उघडलं. पहारेकरी आपल्या जागी होताच, पण आज तो त्याला ओळखून होता. दोन सेकंद ऐक, दोन सेकंद शिक, त्याच्या खाली नाही जाणार, ठीक आहे. मशीनं धडधडत होती. तो उठला, भिंतीपाशी गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने मशीनांचं बटण बंद केलं. धडधड उतरत उतरत थांबली. पाणी ठिबकताना ऐकू यायला लागलं.

"आणखी एकदा बघायचं असेल," मामा म्हणाले, आणि बटणाशी जाऊन तयारीत उभे राहिले.

"बाई," तो म्हणाला. "तुम्ही दोनदा विचारत नाही हे मला माहीत आहे. म्हणून मी विचारतो. माझ्याशी लग्न कराल का? सकाळी मी ऐकत होतो. माझ्यात जरा लांबून येतं. उत्तर तेव्हाच तयार होतं, बसथांब्यावर एका भल्या माणसाला देऊनही झालं."

सलग सहा वाक्यं. मामांचा हात बटणावर होता तिथेच राहिला.

आणि बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग ओल्या फरशीकडे, मग हातातल्या टॉवेलाची घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. दुसरा कोणी असता तर त्याची पाचावर धारण बसली असती, पण गप्प राहिलेल्या माणसाच्या आत काय चाललेलं असतं हे त्या खोलीत त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? तो उभा राहिला. त्याला काही घाई नव्हती. असं निवांत उभं राहणं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुठेतरी उपयोगी पडत होतं.

मामांना मात्र ते सोसवेना. "बाई, दाबू का?" ते म्हणाले. "आता काही थांबावं लागत नाही. साहेबांनी दुरुस्त केलंय सगळं."

"थांबा मामा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा भरून आला होता. टॉवेल त्यांनी खांद्यावर टाकला आणि त्या केबिनकडे वळल्या. "मशीनं राहू देत बंद. आधी चहा."

मामांनी कपाळाला हात लावला, आणि बसायला स्टूल ओढलं.